रिव्हॉल्व्हरसाठी चामडी होल्स्टर : निवड, वापर आणि संग्रह (नागपूरच्या नवशिक्यांसाठी)

होल्स्टर घ्यायच्या आधी एक गोष्ट पक्की करा : ते कमरेला लावायचं आहे की संग्रहात ठेवायचं आहे? दोन्ही कामं एकाच होल्स्टरकडून करून घेऊ नका. ऐंशी-शंभर वर्षांचं चामडं वरून कितीही धडधाकट दिसलं तरी आतला दोरा कुजलेला असतो आणि तोंड ढिलं पडलेलं असतं. त्यात भरलेलं रिव्हॉल्व्हर घालून फिरणं धोक्याचं आहे, आणि घामाने ती जुनी वस्तूही हातची जाते. रोजच्या वापराचं होल्स्टर मात्र झिजण्यासाठीच असतं. ते झिजलं की बदलायचं.

आधी कायद्याचं

होल्स्टर हे शस्त्र नाही, त्यामुळे नुसतं चामडं विकत घ्यायला किंवा जमवायला परवाना लागत नाही. रिव्हॉल्व्हरला लागतो. शस्त्र अधिनियम १९५९ खाली नागपूर शहरात तो पोलीस आयुक्तांकडून मिळतो, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडून. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक जागी रिव्हॉल्व्हर-पिस्तुलासारखं छोटं शस्त्र न्यायचं तर ते अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत हवं, पूर्ण झाकलेलं हवं आणि तुमच्या ताब्यात हवं. शर्ट खोचून पट्ट्यावर रिव्हॉल्व्हर मिरवणं यात बसत नाही. लग्नात, वरातीत हवेत गोळी झाडण्यावर २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, ठेवले आहेत.

निवडणुकीच्या काळात आदेश आला तर शस्त्र जमा करावं लागतं, तेव्हा होल्स्टर घरी ठेवून घ्या. चामड्यात गुंडाळलेलं शस्त्र दोन-तीन महिने पोलिसांच्या मालखान्यात पडलं तर परत येताना नळीच्या टोकाशी आणि सिलिंडरच्या (काडतुसं बसतात त्या फिरत्या भागाच्या) कडेला तांबूस गंज घेऊन येतं.

चामडं कोणतं

होल्स्टरला बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींच्या अर्कात कमावलेलं चामडं लागतं. ते ओलं केलं की आकार घेतं आणि वाळल्यावर तो धरून ठेवतं. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं मऊ असतं. ते जॅकेटला आणि बुटाच्या वरच्या भागाला चांगलं, पण होल्स्टरचं तोंड त्याने उघडं राहत नाही, आणि त्यातले क्षार दमट हवेत पोलादाला गंज धरायला मदत करतात.

ओळखायला तीन खुणा पुरतात. कापलेली कड बघा : वनस्पतींनी कमावलेलं चामडं आरपार एकाच तपकिरी रंगाचं असतं, क्रोमचं मधोमध निळसर-करडं दिसतं. न रंगवलेल्या कडेवर पाण्याचा थेंब टाका : वनस्पतींचं चामडं तो लगेच पितं आणि गडद होतं. नख दाबा : खूण राहिली पाहिजे.

जाडी ३ ते ४ मिलिमीटर हवी. परदेशी दुकानं ही जाडी औंसांत सांगतात. एक औंस म्हणजे साधारण ०.४ मिलिमीटर, म्हणून ८ ते १० औंस मागा. आपल्याकडे ओळखीच्या मोच्याकडून होल्स्टर शिवून घेतलं की बहुतेक वेळा इथेच चुकतं. तो हाताशी असलेलं दीड-दोन मिलिमीटरचं बुटाचं चामडं घेतो, आतून फोम आणि रेक्झिन लावतो आणि वस्तू दिसते छान. सहा महिन्यांत तोंड मिटतं. चामडं स्वतः आणून द्या आणि कागदी नमुना काढून द्या. चांगल्या कारागिराचा हात त्यानंतर आपलं काम करतो.

आतून मखमली चामड्याचं अस्तर टाळा. त्यात धूळ अडकते, आणि तीच धूळ प्रत्येक वेळी शस्त्राचा निळा मुलामा घासून काढते. शिवण इंचाला सहा ते आठ टाक्यांची, मेणदोऱ्याची, आणि चामड्यात कोरलेल्या खाचेत बसलेली हवी. दोन सुयांनी हाताने घातलेली शिवण सगळ्यात टिकाऊ, कारण एक दोरा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. चाप आणि नळी यांच्यामधल्या कडेला दोन थरांत चामड्याची एक पट्टी शिवलेली असावी. ती नसली तर माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा) थेट शिवणीवर घासते आणि दोरा कापते.

माप

‘बत्तीस बोअरचं होल्स्टर द्या’ एवढं सांगून चालत नाही. कॅलिबर एकच असलं तरी सांगाडे वेगळे असतात. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं जुनं .३२ आयओएफ आणि २०१४ मध्ये आलेलं निर्भीक यांची रचना वेब्ली या ब्रिटिश कंपनीच्या रिव्हॉल्व्हरच्या घराण्यातली, मधून मोडून उघडणारी. २०२३ चं प्रबल मात्र सिलिंडर बाजूला काढून उघडतं. इशापूरचं निडर तर .२२ चं, जेमतेम पाव किलोचं. एकाचं होल्स्टर दुसऱ्याला ‘जवळपास’ बसतं, आणि जवळपास बसणं पुरेसं नसतं.

मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरला डाव्या बाजूला, घोड्याजवळ (काडतुसावर आपटणाऱ्या मागच्या भागाजवळ), अंगठ्याने दाबायची कळ असते. होल्स्टरची वरची कड त्या कळीवर टेकता कामा नये. सिलिंडरच्या पुढच्या कडेचीही तीच गोष्ट. जुन्या .४५५ वेब्लीवर सिलिंडरच्या पुढे दोन्ही बाजूंना छोटे उंचवटे दिसतात. होल्स्टरमध्ये सरकताना सिलिंडरची कड चामड्यात अडकू नये म्हणूनच ते ठेवलेले आहेत. आजच्या बहुतेक शस्त्रांवर असे उंचवटे नसतात, त्यामुळे ती सरळ वाट होल्स्टरच्या आतल्या घडणीनेच द्यावी लागते.

माप घेताना शस्त्र रिकामं करा, सिलिंडर उघडून प्रत्येक घर बोटाने चाचपा, आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा. मग रिव्हॉल्व्हर जाड कार्डपेपरवर आडवं ठेवून पेन्सिल उभी धरून बाह्यरेषा काढा. चार मापं लिहून घ्या : नळीची लांबी, सिलिंडरची जाडी, माशीची उंची, आणि मुठीच्या वरच्या टोकापासून चापाच्या कड्याच्या तळापर्यंतचं अंतर. पट्ट्याची रुंदीही लिहा. होल्स्टरची पट्टा ओवायची फट तेवढीच हवी. ३८ मिलिमीटरच्या पट्ट्याला ४५ ची फट दिली की होल्स्टर पुढे-मागे झुलतं आणि शस्त्र काढताना सगळंच वर येतं.

पट्ट्यावर लोक कंजुषी करतात, ते चुकीचं आहे. बर्डीच्या फुटपाथवर मिळणारे बरेच पट्टे म्हणजे चामड्याचा भुगा चिकटवून वर रंग दिलेले असतात. साडेतीन-चार मिलिमीटरचा, अखंड चामड्याचा पट्टा नसेल तर उत्तम होल्स्टरही बाहेर कलतं.

नवं होल्स्टर बसवून घेणं

चांगलं नवं होल्स्टर घट्टच येतं. शस्त्र अर्ध्यात अडकतं म्हणून ते तेलात बुडवणारे लोक आहेत. तसं केलं की ते कायमचं पोचट होतं. पद्धत अशी :

१. शस्त्र रिकामं असल्याची पुन्हा खात्री करा. काडतुसं त्या खोलीत नकोतच.

२. शस्त्र पातळ पॉलिथिनच्या पिशवीत घाला. साध्या भाजीच्या पिशवीचे दोन थर पुरतात. पिशवी चापाभोवती गोळा होऊ देऊ नका.

३. हळूहळू आत सरकवा. शेवटचा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जोर लागेल. शस्त्र थोडं डावी-उजवीकडे हलवत न्या, हातोडी किंवा गुडघ्याचा धक्का नको.

४. कुलपाच्या कपाटात एक रात्र तसंच राहू द्या. सकाळी काढून बघा. तरीही घट्ट असेल तर आणखी एक रात्र. दोनदा करूनही बसत नसेल तर माप चुकलं आहे, होल्स्टर परत करा.

५. बटणाचा पट्टा (शस्त्र आत अडकवून ठेवणारा वरचा छोटा पट्टा) बसत नसेल तर फक्त तेवढाच पट्टा आतल्या बाजूने ओल्या फडक्याने पुसा, हाताने ओढा, बटण लावून वाळू द्या.

चामडं आकार न देता शिवून घेतलं असेल तर ते कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवून, पिशवीत गुंडाळलेलं रिकामं शस्त्र किंवा त्याच मापाची प्लॅस्टिकची प्रतिकृती घालून, सिलिंडर आणि चापाच्या कड्याभोवती बोटांनी दाबत आकार द्यावा लागतो. आकार आला की शस्त्र लगेच बाहेर काढा, पुसा, तेल लावा, आणि होल्स्टर सावलीत चोवीस तास वाळवा. हेअर ड्रायर नको, गच्चीवरचं ऊनही नको. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात ओलं चामडं दुपारभर ठेवलं तर ते आक्रसून पापडासारखं कडक होतं, आणि पहिल्याच वाकण्याला तडकतं.

वाळल्यावर तपासणी. रिकामं शस्त्र होल्स्टरमध्ये घालून, बटणाचा पट्टा न लावता, गादीवर उलटं धरून हलवा. पडलं तर ढिलं आहे. सरळ धरून एका हाताने ओढल्यावर न अडकता निघालं पाहिजे. मग बाहेरून, चाप जिथे आहे तिथे अंगठ्याने जोरात दाबा. आत चाप हलत असेल तर ते होल्स्टर वापरू नका. आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं : शस्त्र काढल्यावर तोंड उघडंच राहिलं पाहिजे. तोंडाला चामड्याची दुसरी पट्टी शिवलेली असली की ते जमतं.

कमरेला लावल्यावर

शस्त्र परत होल्स्टरमध्ये घालताना अपघाताचा धोका मोठा असतो. कारण साधं आहे : ढिल्या तोंडाची घडी, शर्टाचं टोक किंवा बटणाचा पट्टाच चापाच्या कड्यात शिरतो, आणि पुढे रेटलं की चाप मागे दाबला जातो. म्हणून सवय लावा. बोट चापापासून दूर, सांगाड्यावर आडवं. शर्ट डाव्या हाताने बाजूला. नजर होल्स्टरच्या तोंडावर. आणि उजवा अंगठा घोड्यावर ठेवून शस्त्र हळू आत सोडा. काही अडकून चाप दाबला जात असेल तर घोडा मागे येऊ लागेल, ते अंगठ्याला लगेच कळेल. कळलं की थांबा आणि बाहेर काढा. रिव्हॉल्व्हरची ही सोय बहुतेक पिस्तुलांना नसते, ती वाया घालवू नका. घोडा लपवलेल्या शस्त्रांना ती नाही, तिथे होल्स्टरच्या तोंडाबद्दल दुप्पट काटेकोर राहा.

मागे घोडा ओढून ठेवलेलं रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये घालायचं नाही. कधीच नाही.

दुचाकीवर असाल तर बटणाचा पट्टा लावणं सक्तीचं समजा. खड्ड्यातून गाडी गेली की सैल शस्त्र वर सरकतं. टिचबटण सैल झालं तर चिमट्याने दाबून वेळ मारून नेऊ नका, बटण बदला. गाडीत बसताना होल्स्टर उजव्या कुल्ल्याच्या हाडाच्या किंचित मागे, मूठ थोडी पुढे कललेली अशी स्थिती बहुतेकांना सोसते. मणक्याच्या बरोबर मागे लावू नका. पडलात तर पाठीचा कणा त्या लोखंडावर आपटतो.

पट्ट्याच्या आत खोचायचं होल्स्टर नागपूरच्या उन्हाळ्यात फार घाम पितं. तसं वापरायचंच असेल तर मुठीच्या मागे उंच चामडी पाखी असलेलं घ्या, आणि एकाआड एक दिवस वापरायला दोन ठेवा. घामातलं मीठ चामड्यातून आरपार येतं आणि थेट पोलादावर बसतं. संध्याकाळी शस्त्र काढून रिकामं करा, तेलाच्या फडक्याने पुसून कुलपात ठेवा, आणि होल्स्टर वेगळं उघड्यावर ठेवा. शस्त्र चामड्यात साठवायचं नाही. चामड्यातली आम्लं आणि हवेतला ओलावा मिळून एका पावसाळ्यात निळा मुलामा खराब करतात.

तेल, कूलर आणि पावसाळा

तेलाबद्दल इकडे फार उत्साह आहे. खोबरेल लावलं तर ते खवट होतं आणि चामडं मऊ पडतं. जवसाचं तेल वाळून चिकट थर धरतं, मग तो तडकतो. मोटारीचं इंजिन ऑइल तर लावूच नका. योग्य तेल नीट्सफूट (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं), वर्षातून एकदा, बाहेरच्या बाजूने पाच-सहा थेंब फडक्यावर घेऊन. त्यावर बिनरंगी मेणाचं पातळ पॉलिश. आतून काही लावायचं नाही. जास्त तेलाचा प्रश्न फक्त दिसण्याचा नाही : तेलाने मऊ झालेलं तोंड मिटतं, आणि मिटलेलं तोंड चापात शिरतं.

नागपूरच्या हवेत चामड्याला वर्षातून दोनदा उलटसुलट धक्का बसतो. एप्रिल-मे मध्ये बाहेरची हवा कोरडी ठणठणीत असते. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर होल्स्टर राहिलं तर मेण वितळतं आणि कडा वाकतात. त्याच महिन्यांत घरात मात्र कूलर चालतो, ओल्या वाळ्यातून येणारी हवा खोली दमट करते, आणि कूलरच्या झोताच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात भर उन्हाळ्यात बुरशी येते. लोक बुरशीची वाट पावसाळ्यात बघत असतात, ती मे महिन्यातच आलेली असते. कपाट कूलरच्या खोलीत नको, बाहेरच्या भिंतीलाही टेकलेलं नको. आत एक छोटं आर्द्रतामापक ठेवा आणि काटा ४५ ते ५५ टक्क्यांच्या मध्ये राखा. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर त्यासाठी सिलिका जेल लागतं. रंग बदलणारं घ्या, म्हणजे कधी भाजून कोरडं करायचं ते कळतं.

बुरशी आलीच तर ते होल्स्टर इतरांपासून वेगळं करा, सावलीत वाळवा, तोंडाला मास्क लावून घराबाहेर मऊ ब्रशने झाडा. उरलेले डाग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या फडक्याने पुसता येतात, पण आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून बघा. कित्येक रंग त्याने सुटतात.

संग्रहासाठी जुनं होल्स्टर घेताना

आपल्या भागात जुनी होल्स्टर येतात ती बहुधा दोन वाटांनी : कामठीच्या छावणीच्या आसपासचं लष्करी सामान, आणि जुन्या मालगुजारी वाड्यांतल्या शिकारीच्या पेट्या. त्यात वेब्ली मार्क सहा आणि एनफिल्ड नंबर दोन यांची होल्स्टर नवशिक्याने आधी ओळखायला शिकावीत. मार्क सहा १९१५ मध्ये स्वीकारलं गेलं. ते .४५५ चं, सहा इंची नळीचं, एकूण लांबी २८६ मिलिमीटर. एनफिल्ड .३८ चं, पाच इंची, २६० मिलिमीटर. म्हणजे आत पट्टी घालून खोली मोजली की निम्मी ओळख पटते. दुसऱ्या महायुद्धातलं एनफिल्डचं होल्स्टर मात्र बहुधा कॅनव्हासचं सापडेल, कारण १९३७ च्या नमुन्याच्या ब्रिटिश लष्करी साहित्यात चामडं मागे पडलं होतं. अधिकाऱ्यांचं चामडी होल्स्टर सॅम ब्राउन पट्ट्यावर चढायचं. १८५८ च्या लढाईत डावा हात गमावलेल्या सॅम्युअल ब्राउन यांच्या नावाचा हा पट्टा, खांद्यावरून आडव्या जाणाऱ्या पट्टीचा. झापड बंद करायचं पितळी बोंड आजही कारागिरांच्या बोलण्यात ‘सॅम ब्राउन’च आहे.

ठसे वाचा. बाणाच्या फाळासारखी खूण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालमत्ता, तिच्यासोबत इंग्रजी ‘आय’ असेल तर हिंदुस्थानातली. कानपूरच्या मालावर गावाचं नाव जुन्या स्पेलिंगने, ‘कॉनपोर’ असं असतं. पण ठशावर भरवसा ठेवून पैसे देऊ नका. जुन्या लष्करी होल्स्टरच्या नकला आज भारतातच तयार होतात, आणि ठसा मारणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम. चित्रपटांसाठी आणि ऐतिहासिक प्रसंग सादर करणाऱ्यांसाठी बनवलेल्या त्या वस्तू म्हणून ठीकच आहेत. फसवणूक होते ती त्यांना चहाच्या पाण्यात बुडवून ‘१९१६’ म्हणून विकल्यावर.

म्हणून ठशाआधी दोरा बघा. अतिनील टॉर्च दोऱ्यावर मारा. आधुनिक दोरा बऱ्याचदा निळसर-पांढरा चमकतो, जुना लिननचा किंवा सुती दोरा चमकत नाही. टाक्यांची भोकं बघा : वर्षानुवर्षं ओढलेली भोकं लांबट होतात, नव्याची गोल आणि धारदार राहतात. आत टॉर्च मारून सिलिंडरचा ठसा शोधा. खऱ्या वापराच्या होल्स्टरमध्ये तो उमटलेला असतो, आणि झीज माशीच्या रेषेत व तोंडाशी असते. सगळीकडे सारखी झीज म्हणजे सॅंडपेपर. बोंडाजवळ चामड्यावर हिरवट मेणचट कीट असेल तर पितळ आणि चामड्यातली चरबी बराच काळ एकत्र राहिल्याची ती खूण आहे.

काडतुसांच्या कप्प्यांत बोट घालून बघा. एखादं जिवंत काडतूस अडकलेलं असेल तर ते घरी नेऊ नका. परवान्याशिवाय एक काडतूसही गुन्हा ठरतं. विकणाऱ्यासमोरच ते दाखवा आणि पोलिसांना कळवा. आणखी एक : शंभर वर्षं ओलांडलेली ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते, आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धातली होल्स्टर आता त्या वयाची झाली आहेत, तेव्हा परदेशी गिऱ्हाईक कितीही देऊ करो, पार्सल करू नका.

बोटाला लाल भुकटी लागत असेल तर त्याला रेड रॉट म्हणतात. प्रदूषित हवेतल्या गंधकाच्या वायूंनी चामड्याचे तंतू खाल्लेले असतात. हे बरं होत नाही. तेल लावलं तर ते काळं पडून आणखी ठिसूळ होतं. अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोज ब्रशने लावून भुकटी बांधून ठेवता येते, तेही सराव नसेल तर जाणकाराकडूनच. नवशिक्याने अशी वस्तू, फार दुर्मीळ नसेल तर, सोडून द्यावी.

संग्रह ठेवणं

जुन्या चामड्याला तेल, पॉलिश, सॅडल सोप काहीच लावू नका. संग्रहालयांतही आता तसं करत नाहीत. मऊ बकरीच्या केसांचा ब्रश पुरतो. पितळावरचं हिरवं कीट बांबूच्या टोकदार काडीने खरवडा. ब्रासो लावलात तर त्याची पांढरी पूड शिवणीत कायमची बसते.

होल्स्टर टांगू नका, वजनाने पट्टा ओवायची फट ताणली जाते. आडवं ठेवा, आत आम्लरहित टिश्यू कागद हलक्या हाताने भरा म्हणजे सिलिंडरचा फुगवटा बसणार नाही. रद्दी पेपर नको, त्यात आम्लही आहे आणि शाईही. कडुलिंबाचा पाला आणि डांबराच्या गोळ्या चामड्याला टेकवून ठेवू नका, डाग पडतात. नवी आलेली वस्तू थेट कपाटात घालू नका. आधी महिनाभर वेगळी ठेवून खाली पांढरा कागद पसरा. कागदावर बारीक भुसा दिसला तर कीड आहे. मग वस्तू हवा काढून झिपच्या पिशवीत बंद करा, दोन आठवडे घरच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे एक दिवस, उघडू नका. घाई केली तर थंड चामड्यावर पाणी धरतं.

प्रत्येक होल्स्टरला सुती दोऱ्याने कागदी चिठ्ठी बांधा, क्रमांक पेन्सिलने लिहा, स्टिकर कधीच चिकटवू नका. वहीत त्याच क्रमांकासमोर कुठून घेतलं, किती रुपयांना, आतली खोली, ठसे जसेच्या तसे, आणि घेतानाचे दोष लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तडा वाढला का, हे त्या नोंदीवरूनच कळतं.